विदूषकाचे आसन आणि स्त्री : श्रीमती शुभा खोटे यांच्या आंगिक विनोदाच्या निमित्ताने

वत्सगुल्म म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाकाटकांची राजधानी उभी राहते, सर्वसेन राजाचे लुप्त झालेले 'हरिविजय' काव्य आठवते, १९३९ साली उजेडात आलेला विंध्यशक्तीचा ताम्रपट आठवतो. अशा गावी वसंत व्याख्यानमालेत एका विनोदी नटीचा विषय काढला, तर तो कोणाला बाहेरून आणलेला वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही, आणि हे मी केवळ आपल्याला बरे वाटावे म्हणून म्हणत नाही. त्याला आधार आहे.

इसवी सनाच्या ९०० च्या सुमारास राजशेखराने 'कर्पूरमंजरी' नावाचे सट्टक रचले. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत प्राकृतात आहे, आणि ते रंगभूमीवर आले ते कवीची पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून, असे प्रस्तावनेतच सांगितलेले आहे. पडदा उघडतो तो वसंत ऋतूत. राजाराणी वसंताचे वर्णन करतात आणि मग कपिंजल विदूषक व विचक्षणा नावाची दासी यांच्यात वाद लागतो की अधिक चांगला कवी कोण. विदूषक आपली कविता म्हणतो. तिच्यात फुलांना उपमा कशाची, तर शिजलेल्या भाताची आणि म्हशीच्या दह्याची! विचक्षणा आपली कविता म्हणते, आणि जिंकते. विदूषक रुसून निघून जातो. पुढे तो भैरवानंद मांत्रिकाला घेऊन परत येतो आणि काही चमत्कार दाखवा म्हटल्यावर सांगतो की, दक्षिणापथात वच्छोम नावाचे नगर आहे, तेथे मी एक कन्यारत्न पाहिले आहे, तिला येथे आणा. वच्छोम म्हणजेच वत्सगुल्म. म्हणजे आपलेच गाव. त्या सट्टकाची नायिका मंत्राच्या जोराने रंगभूमीवर येते ती वाशीमहून.

नायिका वाशीमची याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु माझे लक्ष आहे त्या दासीकडे. विदूषकाच्या घरात शिरून विदूषकाला हरवणारी स्त्री आपल्या नाट्यवाङ्मयात विरळा. तरीसुद्धा ती हरवते ती शब्दांनी. विदूषकाचा खरा ऐवज शब्दांत नसतो, तो त्याच्या देहात असतो. भरताने त्याचे ध्यान सांगितले आहे: बुटका, पुढे आलेल्या दातांचा, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा. तो आला की शब्द निघण्याआधी हसू निघते. हे आसन विचक्षणेला कोणी दिले नाही, आणि तिने मागितलेही नाही.

गंमत अशी आहे की, त्याच भरताने हास्यरसाविषयी लिहिताना तो रस बहुधा स्त्रियांत व हीन प्रकृतीच्या पात्रांत आढळतो असे म्हटले आहे. हसण्याचे सहा प्रकार त्याने लावून दिले. उत्तम माणसांनी स्मित व हसित एवढेच करावे, मध्यमांनी विहसित आणि उपहसित, आणि पोट धरून लोळण्याचे अपहसित व अतिहसित तेवढे अधमांसाठी. म्हणजे हसण्याचा वाटा स्त्रीकडे भरपूर, पण हसवण्याची वृत्ती मात्र पुरुषाकडे वतनासारखी चालत आली. ही वाटणी हजार वर्षे टिकली. तिला धक्का कोणी व कसा दिला, आणि तो धक्का अर्ध्यावर का थांबला, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

आपल्या लोकरंगभूमीवर याचा पडताळा सहज मिळतो. विदर्भातील दंडारीत आणि खडी गंमतीत बाईचा वेष पुरुष घेई. तमाशाच्या गौळणीतील मावशी हा तर पुरुषानेच करावयाचा ठरलेला भाग. लुगडे खोचून, कंबर हलवीत, कृष्णाला दटावीत मावशी येते आणि मंडपभर हशा पिकतो. तो हशा कशाला असतो? बाई अशी चालली म्हणून नव्हे. बाईच्या वस्त्रांत पुरुष अडकला आहे, हे ठाऊक असल्यामुळे. त्याच चालीने खरी बाई चालली असती तर प्रेक्षकांचे हसू घशातच राहिले असते, कारण मग ती गंमत न राहता 'चालरीत' झाली असती. मावशीचे काम करणारे कलावंत थोर होते, त्यांच्या अंगात लय होती, हे नि:संशय. परंतु पुरुषाला जे सोंग म्हणून माफ, ते बाईला वर्तन म्हणून चिकटते, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे. पुढील सारा इतिहास या भेदाभोवती फिरतो.

चित्रपट आला तेव्हाही प्रथम हेच झाले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त, १९१३ साली, तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. लगेच पुढच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी कामे केली व स्त्रीचा प्रवेश झाला. परंतु विनोदाच्या दृष्टीने मला १९१९ चा 'कालियामर्दन' अधिक मोलाचा वाटतो. त्यात कृष्णाचे काम फाळक्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने, केले आहे. चित्रपटाच्या आरंभीच ती आपल्या साध्या रूपात पडद्यावर येते आणि एकामागून एक मुद्रा करून दाखविते. नंतर तीच कृष्ण होते. तो कृष्ण लोणी चोरतो, मार खातो, मार चुकवतो, रात्री एका धनिकाच्या शयनगृहात शिरून नवऱ्याची दाढी आणि बायकोचे केस यांची गाठ मारतो. या खोड्या करणारे अंग एका सहासात वर्षांच्या मुलीचे आहे. धावणे, दबकणे, निसटणे, पडणे या साऱ्या हालचालींत कसलाही संकोच नाही. मराठी मुलीने पडद्यावर केलेला हा पहिला आंगिक विनोद असे मी समजतो. पण तो तिला साधला तो दोन सवलतींमुळे: ती लहान होती, आणि ती मुलगा झालेली होती.

मोठ्या झालेल्या स्त्रीला ती सवलत नव्हती. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या आणि प्रतिष्ठित घरची सुशिक्षित स्त्री बोलपटात येऊ लागली. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. या बायांनी रंगभूमीला व पडद्याला प्रतिष्ठा आणली, आणि प्रतिष्ठा आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर असल्यामुळेच त्यांना हसवण्यासाठी पडता येईना. जिच्या पायरी चढण्याकडे सारा समाज डोळे लावून बसला आहे, तिने पायरीवर पाय घसरवून कसे चालेल? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९३८ चा 'ब्रह्मचारी' घ्या. अत्र्यांचे लेखन, मास्टर विनायकांचे दिग्दर्शन, म्हणजे विनोदाची रेलचेल. त्यात हसवण्याचे काम स्वत: विनायक आणि दामुअण्णा मालवणकर यांचे, मीनाक्षी शिरोडकरांच्या वाट्याला आले पोहण्याच्या पोशाखातले गाणे, आणि त्या पोशाखाचीच चर्चा गावोगाव झाली. विनोदी चित्रपटातसुद्धा स्त्रीचे अंग पाहण्यासाठी होते. हसण्यासाठी ते मोकळे झालेले नव्हते.

आता मी शुभाबाईंकडे वळतो.

शुभा खोटे यांचा जन्म १९३७ चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे हे रंगभूमीवरील व मूकपटांतील नट. दुर्गाबाई खोटे नात्याने त्यांच्या काकू. धाकटे बंधू विजू खोटे पुढे 'शोले'मधील कालिया म्हणून घराघरांत माहीत झाले. घराण्यात अभिनय होता, परंतु शुभाबाईंनी चित्रपटात येताना बरोबर आणलेली पुंजी वेगळीच होती. त्या सायकलच्या शर्यतींत आणि पोहण्यात विजेतेपदे मिळवलेल्या खेळाडू होत्या. १९५५ साली अमिय चक्रवर्तींच्या 'सीमा'त त्यांना पहिले काम मिळाले ते पुतळीचे. चित्रपट नूतनचा, बलराज सहानी सुधारगृहाचे व्यवस्थापक, विषय गंभीर, चोरीचा खोटा आळ आलेल्या अनाथ मुलीचा. त्या साऱ्या गांभीर्यात ही पुतळी वाऱ्यासारखी शिरते आणि एका बदमाशाचा सायकलवरून पाठलाग करते.

या पाठलागाचे महत्त्व आज सांगून पटणे कठीण आहे. आज आपल्या जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवरून मुली सकाळी शाळेला जाताना दिसतात, आणि कोणी मान वळवून पाहत नाही. १९५५ साली तालुक्याच्या गावी मुलगी सायकलवर बसली तर तो गावचा विषय होई. अशा काळात तंबूतल्या टॉकीजमध्ये सतरंजीवर बसलेल्या प्रेक्षकाने पडद्यावर एक मुलगी वेगाने सायकल दामटताना पाहिली. तिच्या जागी दुसरे कोणी बसलेले नाही, ती स्वत: चालवते आहे, हे त्या बसण्यावरूनच कळते. कारण तोल हा चोरता येत नाही. नटी रडण्याचे सोंग आणू शकते, गाणे दुसऱ्याच्या गळ्यातून काढू शकते; सायकलवरचा तोल मात्र ज्याचा त्यालाच सांभाळावा लागतो.

येथे थोडे थांबून आंगिक विनोदाची घडण पाहणे इष्ट आहे. बर्गसाँ या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, जिवंत माणूस यंत्रासारखा वागू लागला म्हणजे आपण हसतो. रस्त्याने जाणारा गृहस्थ ठेचाळून पडतो. त्याच्या पायांनी परिस्थिती पाहून बदलावयास हवे होते, ते आपल्याच जुन्या गतीने चालत राहिले. म्हणून हसू येते. हे खरे मानले तर एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. ज्याच्या चालण्यावर नियम अधिक, त्याच्या घसरण्याच्या जागा अधिक. आपल्याकडे स्त्रीच्या देहावर किती नियम! पदर कसा असावा, पाऊल किती पडावे, दात किती दिसावेत. म्हणजे विनोदाची खाण खरी तेथे होती आणि तिच्यावरच पहारा बसलेला होता.

दुसरी गोष्ट. जो खरोखर पडतो तो हसवीत नाही, तो काळजीत टाकतो. हसवण्यासाठी पडणाऱ्याने न पडण्याची विद्या पुरी आत्मसात केलेली असावी लागते. कोणत्या क्षणी गुडघा सैल सोडावयाचा, हात कोठे टेकावयाचा, आणि त्याच वेळी चेहऱ्यावर 'मला काही झालेच नाही' हा भाव कसा ठेवावयाचा, हे सारे एका पळाच्या आत. ज्याला अंगावर ताबा नाही त्याने ताबा सुटल्याचे नाटक करू नये. हाड मोडते, आणि विनोदही मोडतो. म्हणूनच खेळाडू मुलगी विनोदात आली ही आकस्मिक गोष्ट नव्हे. शर्यतीतला सायकलस्वार वळणावर अंग किती कलते करावे हे जसे विचार न करता जाणतो, तसे शुभाबाईंचे अंग प्रसंग जाणत होते.

'सीमा'नंतर 'पेइंग गेस्ट' आला, 'देख कबीरा रोया' आला, दोन्ही १९५७ चे. परंतु त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते महमूद आणि धुमाळ यांच्याबरोबरच्या तिकडीमुळे. 'ससुराल' १९६१, 'जिद्दी' १९६४, 'लव्ह इन टोकियो' १९६६, आणखीही आहेत. अनंत धुमाळ हे मराठी रंगभूमीवरून गेलेले नट. या तिघांचा सांगाडा बहुधा ठरलेला असे. धुमाळ मुलीचा बाप, शुभाबाई मुलगी, आणि महमूद बापाच्या डोळ्यांत धूळ फेकून मुलीला भेटणारा प्रेमिक. आपल्या जुन्या प्रहसनांत आणि युरोपातील मोल्येरच्या नाटकांत हाच सांगाडा सापडेल, म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. सांगाडा जुना असला म्हणजे नटाला त्यावर आपले मांस चढवता येते.

या तिकडीत कामाची वाटणी कशी होती, हे नीट पाहण्यासारखे आहे. महमूदचे अंग रबरासारखे. वाटेल तसे वळते, बायकी वेष घेते, लोळते. धुमाळ म्हणजे हलता रांजण. ते वळून पाहीपर्यंत प्रसंग होऊन गेलेला असतो. आणि शुभाबाई या दोघांच्या मधे ताणलेली दोरी. त्यांची मान ताठ, पाऊल चपळ, डोळे दोन ठिकाणी: एक प्रेमिकावर, एक बापाच्या दारावर. बाप येतो आहे हे प्रेक्षकाला प्रथम कळते ते त्यांच्या खांद्यावरून. क्षणापूर्वी लाडात आलेली मुलगी क्षणात आज्ञाधारक कन्या होते आणि तो बदल चेहऱ्याआधी पाठीच्या कण्यात होतो. महमूदचा विनोद मोठ्याने टाळ्या घेई आणि त्या टाळ्या त्याच्या हक्काच्याच होत्या. पण त्याच्या सैलपणाला ज्या ताठपणावर आपटून उसळी घ्यावयाची, तो ताठपणा शुभाबाईंनी पुरवला. मृदंगाचा एक मुखडा मऊ आणि एक कडक असल्याशिवाय बोल निघत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. पडण्याचे, लोळण्याचे, वेष बदलण्याचे मोठे भाग पुरुषाकडे गेले, आणि सायकलवरून पाठलाग करणाऱ्या पुतळीकडे आले ते बहुधा पाहणे, दचकणे आणि रुसणे. हिंदी चित्रपटाने तिच्या अंगातली अर्धीच विद्या वापरली. शिवाय हा सारा कारभार उपकथानकात. नायकनायिकांचे रडणे दोन घटका थांबले की विनोदी मंडळींनी यावे, हसवावे आणि निघून जावे. मानाच्या बाबतीतही तेच. १९६१ सालच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरने साहाय्यक अभिनेत्रीच्या पारितोषिकाकरिता नावे काढली, तेव्हा तिनांपैकी दोन नामांकने शुभाबाईंचीच होती, 'घराना' आणि 'ससुराल'. पारितोषिक गेले ते 'छाया'तील निरूपा रॉय यांना, म्हणजे दु:खी मातेला. निरूपाबाई चांगल्या नटी होत्या यात वाद नाही. परंतु एका मातेचे अश्रू दोन विनोदी भूमिकांना पुरून उरले, यावरून आपली तागडी कोणीकडे झुकते हे दिसते. विनोदी भूमिकेसाठी स्वतंत्र पारितोषिक त्या संस्थेने ठेवले ते १९६६ च्या चित्रपटांपासून, आणि पहिले महमूदला मिळाले.

त्याच सुमारास हिंदी पडद्यावर आणखी एक विनोदी स्त्री लोकप्रिय होती: टुणटुण. त्यांचे खरे नाव उमादेवी, आणि गायिका म्हणून त्यांची कीर्ती आधीची. त्यांच्या विनोदबुद्धीविषयी मला आदर आहे. पण बहुतेक लेखकांनी त्यांच्या स्थूलतेपलीकडे काही शोधलेच नाही. ती आली, दरवाजात अडकली, लोक हसले. याला मी आंगिक विनोद म्हणणार नाही. अंग हसण्याचा विषय असणे निराळे आणि अंग हसवण्याचे साधन असणे निराळे. पहिल्यात देह सोसतो, दुसऱ्यात देह करतो. आपल्या येवल्याच्या ललिताबाई पवार यांची हकीकत यासंबंधात विसरता येत नाही. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेने त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू गेली, डावा डोळा कायमचा बारीक झाला, कित्येक वर्षे उपचारांत गेली. त्याच डोळ्याने त्यांनी पुढे कजाग सासू रंगवली, आणि १९५९ च्या 'अनाडी'त मिसेस डिसा होऊन त्याच डोळ्याने प्रेमळपणे हसवलेही. सोसलेल्या देहाला करता देह बनवण्याचे इतके ठसठशीत उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

आता समुद्रापलीकडे जरा नजर टाकू. अमेरिकेत ल्युसील बॉल नावाची नटी १९११ साली जन्मली. चित्रपटांत तिने वर्षानुवर्षे दुय्यम दर्जाची कामे केली. मूकपटातील थोर विनोदी नट बस्टर कीटन याने स्टुडिओत तिला वस्तूंशी कसे खेळावे ते शिकवले; टोपी, शिडी, खुर्ची यांना सहनट कसे मानावे, हे. चाळिशीला पोहोचल्यावर, १५ ऑक्टोबर १९५१ रोजी, दूरचित्रवाणीवर तिची 'आय लव्ह ल्युसी' ही प्रसंगविनोदी मालिका सुरू झाली आणि १९५७ पर्यंत चालली. १९५२ च्या एका भागात ल्युसी व तिची शेजारीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. पट्ट्यावरून चॉकलेटे येतात, त्यांना कागद गुंडाळावयाचा. एक जरी तसेच पुढे गेले तर नोकरी गेली. पट्टा भरभर फिरू लागतो. मग दोघी चॉकलेटे तोंडात कोंबतात, टोपीत लपवतात, झग्यात सोडतात. मुकादमीण येते, एकही चॉकलेट सुटलेले नाही हे पाहून खूश होते आणि ओरडते, पट्टा आणखी जोरात सोडा! इकडे घरी दोघींचे नवरे स्वयंपाकाला बसले आहेत आणि भांड्यातून भात उतू चालला आहे. बर्गसाँला यापेक्षा चांगले उदाहरण शोधूनही मिळाले नसते. या मालिकेच्या लेखकांत मॅडेलिन प्यू नावाची स्त्री होती, आणि ल्युसीला करावयाच्या कसरती ती आधी स्वत: करून पाही, बाईमाणसाला हे जमेल की नाही म्हणून! सहकारी म्हणून स्त्री असल्याचा उपयोग असा होतो.

ल्युसीला जे मिळाले ते शुभाबाईंना का मिळाले नाही? गुणात उणेपणा होता म्हणून नव्हे. ल्युसीला स्वत:चे घर मिळाले. प्रेक्षक दर आठवड्याला तिच्या घरी येत, ती त्यांच्या घरी जाई, आणि सारे कथानक तिच्या धडपडीवर उभे असे. नवऱ्याबरोबर तिने देसिलू ही निर्मितिसंस्था काढली होती. १९६२ साली त्याचा हिस्सा विकत घेऊन ती एकटी तिची प्रमुख झाली. १९ जानेवारी १९५३ ला ल्युसीला मूल झाल्याचा भाग दाखवला गेला, तो अमेरिकेत सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवर यांचा अध्यक्षपदाचा शपथविधी पाहणारे त्याहून कमी होते. आमच्याकडे त्या काळी दूरचित्रवाणीच नव्हती. दिल्लीला १९५९ साली प्रयोगादाखल सुरुवात झाली, मुंबईला केंद्र आले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. 'लव्ह इन टोकियो'तील शुभाबाई तिशीच्या आतल्या होत्या. अंग त्यांच्या कह्यात होते, लोक त्यांना ओळखत होते, आणि त्यांना देण्यासाठी घरच नव्हते. चित्रपटाने पुढे त्यांना दिल्या त्या रागीट आया. १९८१ च्या 'एक दूजे के लिए'मधली त्यांची आई पाहून ज्यांना राग आला, त्यांपैकी किती जणांना पुतळी आठवली असेल?

दूरदर्शनवर प्रसंगविनोदी मालिका आली ती १९८४ नंतर, आणि येथे एक सुखद योग जुळून येतो. १९८८ साली आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरील 'वागळे की दुनिया' सुरू झाली. कुंदन शाह दिग्दर्शक. निर्मिती मात्र दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. १९३२ ची तारामती, प्रतिष्ठेपायी जिला कधी पाय घसरवता आला नाही, तिच्याच संस्थेने मध्यमवर्गीय संसारातल्या घसरणीची ही मालिका काढावी! तिच्यात राधिका वागळे झाल्या भारती आचरेकर, गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. भारतीबाईंचा विनोद आदळआपटीचा नाही. खांद्यावरची पिशवी, हातातली लाटणी, नवऱ्याकडे पाहताना कमरेवर गेलेला हात, एवढ्यावर त्यांचे भागते. दोन खोल्यांच्या घरात धावण्याला जागा कोठली? जागेच्या टंचाईतून निघालेला हा आंगिक विनोद अस्सल आपल्याकडचा आहे आणि वाशीमच्या प्रेक्षकाला तो मुंबईकराइतकाच कळला, कारण स्वयंपाकघरे सगळीकडे सारखीच अरुंद.

१९९३ साली 'जबान संभालके' आली. इंग्लंडमधल्या 'माइंड युवर लँग्वेज' या मालिकेवरून बेतलेली. हिंदी शिकवण्याचा वर्ग, पंकज कपूर मास्तर, आणि विद्यार्थी नाना प्रांतांचे व देशांचे. वर्गाच्या चालिका शुभाबाई. वय पंचावन्नच्या पुढे गेलेले. त्यांना येथे धावावयाचे नाही, पडावयाचे नाही. वर्गात गोंधळ शिगेला पोहोचावा आणि त्यांनी दारात उभे राहावे, एवढेच. पण ते उभे राहणे पाहावे! जुन्या तिकडीत बापाच्या चाहुलीने जो कणा ताठ होई, तोच कणा आता बापाच्या जागी येऊन उभा राहिला आहे. पूर्वी त्या दाराकडे पाहून दचकत. आता दारात त्या असतात आणि वर्ग दचकतो. या मालिकेला मी 'सीमा'तल्या पाठलागाइतकेच महत्त्व देतो, जरी हालचालीच्या मापाने एकीत सारा वेग आणि दुसरीत सारे स्थैर्य आहे.

त्यानंतर वाट वाहती झाली. १९९४ साली सचिन पिळगावकरांनी 'तू तू मैं मैं' काढली. तिच्यात रीमा लागू सासू आणि सुप्रिया पिळगावकर सून. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणि दिवाणखान्यातून पुन्हा स्वयंपाकघरात असे त्यांचे युद्ध चाले. मालिकेचे दोन्ही खांब बायका आणि मधे सापडलेला पुरुष बिचारा साहाय्यक, हे महमूदच्या काळी कोणी सुचवले असते तर निर्मात्याने त्याला घरी पाठवले असते. मराठीत निर्मिती सावंतांनी 'कुमारी गंगूबाई नॉनमॅट्रिक' उभी केली. तिची चाल, तिचे बसणे, तिचा तोरा पाहिला म्हणजे वाटते की मावशीच्या पिढ्यान् पिढ्यांच्या ऐवजावर अखेर एका बाईने आपला हक्क सांगितला. त्याच निर्मितीबाई २०२१ च्या 'झिम्मा'त परदेशी सहलीला निघालेल्या गृहिणीच्या रूपाने पुन्हा भेटल्या. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये विशाखा सुभेदार आणि नम्रता संभेराव यांनी अंग सोडून, चेहरा वाकडा करून, सुंदर दिसण्याची फिकीर न धरता हसवले, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

मावशी मात्र गेलेली नाही. २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये लुगडे नेसलेला पुरुष आला की हशाचा पहिला मान त्याचाच. त्याच मंचावर श्रेया बुगडे यांच्यासारखी हुबेहूब नक्कल करणारी नटी उभी असताना! मला पुरुषाने लुगडे नेसण्याचा राग नाही. ती आपली जुनी चाल आहे आणि तिच्यात कसब आहे. पण आमच्या हशातला किती भाग कसबाला असतो आणि किती 'हा बाई झाला' या नुसत्या कल्पनेला असतो, याची मोजणी प्रेक्षकाने स्वत:शीच करावी. तिकीट काढून आलेल्या माणसाला नटाच्या कामाची पारख करण्याचा जसा अधिकार आहे, तसाच आपल्या हसण्याची पारख करण्याचाही आहे.

'जबान संभालके'च्या त्या वर्गात एक मराठी विद्यार्थी होता, विठ्ठल बापूराव पोटे. ते काम विजू खोटे यांनी केले. विजूभाऊ ३० सप्टेंबर २०१९ रोजी गेले. मालिकेचे भाग पुन्हा पाहाल तेव्हा हे भावंडांचे प्रसंग मुद्दाम पाहा. 'शोले'त ज्याच्या तोंडचे वाक्य सारा देश पाठ म्हणतो तो दरोडेखोर बाकावर अंग चोरून बसला आहे, आणि दारात सायकलवाली बहीण हाताची घडी घालून उभी आहे. दोघांपैकी कोणीही अजून बोललेले नाही, आणि आपण हसू लागलेलो असतो.